सत्काराचा ट्रे

"लाकूड आपलं, मशीन आपलं, लाईटबिल आपलं, पॉलिश मी करायचं. मग ह्यात आपल्याला मिळणार काय?" अनुजानं विचारलं.

आकाराम पोवार एक डोळा मिटून, सागवानाच्या फळीची कड दुसऱ्या डोळ्यासमोर धरून, फळी वाकडी आहे का ते बघत होता. फळी सरळ होती. उत्तरच जरा वाकडं होतं, म्हणून त्याला वेळ लागला.

"नाव मिळणार की," तो बायकोला म्हणाला.

"कसलं नाव?"

"माईकवरनं. भर चौकात. 'आपल्या संघाचे माजी गोलकीपर श्री. आकाराम पोवार यांनी स्वखर्चानं,' असं पूर्ण. ऋतुराजनं शब्द दिलाय."

"स्वखर्चानं हे बी सांगणार हायत व्हय? मग मोप मिळालं," असं म्हणून अनुजा पॉलिश पेपर घेऊन शेजारी टेकवून ठेवलेल्या देवघराच्या जाळीकडे वळली.

बाहेरच्या माणसाला हा सौदा आतबट्ट्याचाच वाटला असता. पण शिवाजी पेठेत अर्धं आयुष्य लोणी म्हणून काढलेल्या माणसाला तो तसा वाटत नव्हता. आकाराम तरुण असताना एका फायनलला पलीकडच्या पेठेच्या बचावातल्या बॅकनं नुसता जीव सोडवायचा म्हणून मैदानाच्या मध्यातून चेंडू उडवला. तो चेंडू टप्पे घेत, इकडंतिकडं बघत, एखाद्या पावण्यासारखा सावकाश आकारामच्या हातात आला, आणि हातातून सुटून तितक्याच सावकाश आत गेला. त्या संध्याकाळी पेठेत चूल पेटली नाही असं सांगतात. ते खोटं आहे. चुली पेटल्या, भाकऱ्या झाल्या, आणि जेवून बाहेर पडलेल्या माणसांनी, हाताला लोणी लावून उभा होता म्हणून, आकारामला लोणी म्हणायला सुरुवात केली.

पुढं आकारामनं फर्निचरची कामं केली, कर्ज काढून कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन घेतलं, पाटीवर 'पोवार सीएनसी वुड वर्क्स' असं झोकात लिहून घेतलं. पण पत्ता विचारला की लोक "लोण्याचं दुकान व्हय? तालमीच्या पुढं" असं सांगत, आणि बाहेरगावचं एखादं गिऱ्हाईक आधी शेजारच्या डेअरीत जाऊन चौकशी करून येई. ती मॅच न पाहिलेली पोरंही त्याला लोणीदा म्हणत. अपमान करायचा म्हणून नव्हे. त्यांना त्याचं दुसरं नाव ठाऊकच नव्हतं.

ज्या तालमीचा हा फुटबॉल संघ, तिच्या मंडळाचा नवा अध्यक्ष ऋतुराज हा त्यांच्यातलाच. जागा-प्लॉटच्या व्यवहारात असल्यामुळे समोरच्याची नड कुठं आहे हे त्याला बसल्या जागी दिसे. परवा तो बुलेट दारात लावून, बसल्या बसल्याच म्हणाला होता, "लोणीदा, एक काम हाय. शालूमावशीचा सत्कार घ्यायचा ठरलाय. तिला एक लाकडी ट्रे करून द्या. कसा, बघणाऱ्यानं बघत बसावं असला."

"शालूमावशीचा? मधनंच?"

"यंदा कीटला स्पॉन्सर मिळालाय. यशराज. त्याची ती नवी लाँड्री न्हाय का, मोठ्या मशीनची? जर्सी तो देणार, पाठीवर लाँड्रीचं नाव, आणि धुणार बी तोच. तशी अटच हाय त्याची."

"आणि मावशी?"

"म्हणून तर सत्कार," ऋतुराज म्हणाला.

आपल्याकडे माणसाला नुसतं काढत नाहीत, आधी शाल घालतात, म्हणजे गेल्यावर त्याला थंडी वाजू नये. शालूबाई साळोखे गेली तीसेक वर्षं संघाच्या जर्सी धूत होत्या. नवरा गेल्यावर कुणीतरी चार पैसे मिळावेत म्हणून काम दिलं ते कायमचं झालं. आधी पंचगंगेवर, मग घराच्या मागच्या दारी. तालीम देई ते मानधन साबणाला पुरून थोडं उरे. पोरगा पुण्याला नोकरीला होता, फोनवर "आई, सोड आता ते" म्हणे. त्या "बरं" म्हणत आणि फोन ठेवून जर्सी भिजत घालत.

"तिला आत्ताच काय बोलू नका," ऋतुराजनं बजावलं. "स्टेजवरच जाहीर करू. सरप्राईज." आणि आकारामचा चेहरा जरा आंबट झालेला बघून त्यानं लगेच दाम मोजला, "माईकवर तुमचं नाव मी स्वतः घेतो. पूर्ण. माजी गोलकीपर म्हणून."

हा सौदा असा झाला होता.

आकारामनं सागवानाच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या, शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवल्या. सकाळी रंधा मारल्यावर जोड कुठं आहे ते त्याचं त्यालाच सापडेना. मग फळी मशीनच्या टेबलावर बसवली, चारी बाजूंनी क्लॅम्प लावले आणि कॉम्प्युटरसमोर बसून नक्षी आखायला घेतली. मधोमध तालमीचं चिन्ह, म्हणजे गदा आणि फुटबॉल, भोवती वेलबुट्टी, खाली 'श्रीमती शालूबाई साळोखे यांस कृतज्ञतापूर्वक'. पडद्यावर ते एखाद्या जहागिरीच्या सनदेसारखं दिसत होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. खुद्द शालूबाईच. काखेत जर्सींचं गाठोडं, घामाचा आणि मातीचा वास सोडणारं.

"आकाराम, पोरं म्हणत्यात माझ्यासाठी कायतरी कराय लागलायस."

"मावशी, ते सरप्राईज हाय."

"व्हय की. सरप्राईज हाय म्हणून तर सगळ्यांनी येऊन सांगितलं." त्या आत आल्या, गाठोडं भुशावर न ठेवता मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. "बघू तरी."

आकारामनं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हे मधी काय हाय?"

"गदा. तालमीची."

"गदेवर कप उभा राहतोय का?"

अनुजा जाळी घासता घासता खुदकन हसली. आकाराम म्हणाला, "मावशी, हे शोकेसमध्ये ठेवायचं असतंय. मान हाय हा."

"माझ्याकडं शोकेस कुठलं? आणि मला ट्रे खरंच पायजे रे. मॅचच्या आदल्या दिवशी पोरं जर्सी न्यायला येत्यात. चहा घेतल्याबिगर मी जर्सी हातात देत न्हाय. दोन दोन कप धरून आणते, आतनं दारात, दारातनं आत. शेवटच्याला देईपतोर पहिल्याचा निवतोय. तू असं कर, ती गदा कोपऱ्यात सरकव आणि कपांना गोल खोबणी पाड. म्हंजे घसरायचं न्हाय."

"किती कपांना?"

"संघाला पुरंल एवढ्या. आणि बदली पोरं बी धर. त्यास्नी मी आधी देते. बाहेर बसून बसून तोंड उतरलेलं असतंय बिचाऱ्यांचं."

अनुजाचा हात जाळीवर थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. आकाराम माऊस हलवत होता. गदा मधून निघून कोपऱ्यात गेली, बारीक झाली. तिच्या जागी एक गोल आला, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग ओळ. कॉम्प्युटरला एक गोल दिला की पुढचे तो आपले आपण देतो, विचारत नाही की कुणासाठी.

"आता कसं!" शालूबाई खूश झाल्या. "आणि मुठी लाकडाच्याच कर. पितळ घासाय लागतंय."

"मावशी," आकाराम म्हणाला.

"काय रे?"

मावशींना लाँड्रीचं सांगायला एवढा एक क्षण पुरे होता. शालूबाई त्याच्याकडे बघत होत्या. पेठेत त्याला आकाराम म्हणणारी ही एकच बाई. फायनलच्या दुसऱ्या दिवशी चिखलानं भरलेली गोलकीपरची जर्सी उलटीपालटी करून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आकाराम, कोपरावर फाटलंय बघ. टाका घालून देते." आकारामनं आपल्या हिशेबात ही रक्कम कधी धरली नव्हती.

"कानाला जरा पदर लावा," तो म्हणाला. "आवाज लई होतोय." आणि त्यानं मशीन चालू केलं.

मशीन चालू असलं की बोलता येत नाही, ही एक मोठीच सोय असते. जाडा बिट, म्हणजे मशीनचं फिरतं पातं, लाकडात शिरला, भुसा उडायला लागला. शालूबाई थोडा वेळ कौतुकानं बघत राहिल्या, एकदा काहीतरी म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, मग गाठोडं काखेला मारून गेल्या.

जाड्या बिटानं खोबणी पोखरून झाल्यावर आकारामनं गोल टोकाचा बारीक बिट लावला. तो वेलीच्या पानापानावरून असा फिरला की पानाची मधली शीर उमटली. काम सुरेख होत होतं. आपल्या हातून एवढं सुरेख होतंय हे बघून माणसाला बाकीचं विसरता येतं, आणि आकाराम ते मन लावून विसरत होता.

अनुजानं घासायला घेतला तेव्हा ट्रे तिच्या मांडीवर मावेना.

"सांगितलंसा तिला?"

"ऋतुराज सांगणार हाय."

"अवो, मग चहा कुणाला देणार ती ह्याच्यावर?"

आकारामनं एका खोबणीत साचलेला भुसा फुंकर मारून उडवला. भुसा नव्हताच फारसा. त्यानं परत फुंकर मारली.

सत्कार चौकात, रविवारी संध्याकाळी. मागं लाँड्रीचा भला मोठा फलक, पुढं खुर्च्या. आकारामला फेटा बांधून व्यासपीठावर कडेची खुर्ची दिली होती. शालूबाई मधे, हिरव्या इरकलीत, हात मांडीवर जुळवून बसलेल्या. ट्रे टेबलावर, मखमली कापडाखाली.

आणि ऐनवेळी तालमीचं स्टीलचं तबक सापडेना. मागच्या कुठल्यातरी बक्षीस समारंभात ते राहिलं होतं. सूत्रसंचालक कृष्णात इकडंतिकडं बघत होता, त्याचा हात लागून मखमल सरकली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे काय झकास हाय की!" म्हणून त्यानं ट्रेवर शाल ठेवली. नारळ तर एका खोबणीत असा फिट बसला, जणू त्याच्याच मापाची केली होती. आकाराम खुर्चीतून अर्धा उठला. पण अर्धा उठलेला माणूस फोटोत बरा दिसत नाही, फोटोवाला समोरच होता. तो बसला.

सत्काराची एक रीत आहे. तबकातलं सत्कारमूर्तीला द्यायचं, तबक माघारी. तबक कधी कुणी कुणाला दिलेलं नाही. ऋतुराजनं शाल शालूबाईंच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या, आणि रिकामा ट्रे जसा आला तसा टेबलावर परत गेला. रीतीप्रमाणं सगळं बिनचूक झालं.

मग ऋतुराजनं शब्द पाळला. "हे सुंदर तबक," तो माईकवर म्हणाला, "आपल्या संघाचे माजी गोलकीपर श्री. आकाराम पोवार यांनी स्वखर्चानं तालमीला भेट दिलंय!"

सगळ्या चौकानं टाळ्या वाजवल्या. मागून कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. आकाराम उभा राहिला, त्यानं हात जोडले. जे ठरलं होतं ते त्याला पुरेपूर मिळालं. फक्त 'तालमीला' हा शब्द सौद्यात नव्हता. फेटा बांधायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्यात सगळं आटोपलं आणि तो परत बसला.

पुढं ऋतुराजनं लाँड्रीचं जाहीर केलं. मावशींनी पुष्कळ कष्ट केले, आता त्यांनी आराम करावा, अशी तालमीची इच्छा आहे. ह्यापुढं संघाचं कीट यशराजशेठच्या अत्याधुनिक लाँड्रीत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शालूबाई नारळ मांडीवर धरून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या ऋतुराजकडे जरा वाकल्या आणि हळूच बोलल्या. पण माईक त्याच्या हातातच होता, आणि चालू होता.

"काल खेळल्याल्या जर्सी माझ्याकडं भिजत घातल्यात रे."

ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

"असूदेत मावशी. त्या जुन्या. त्या आता लागायच्या न्हाईत."

"तसं कसं? भिजल्यात त्या धुवायलाच लागतील," शालूबाई म्हणाल्या.

मावशींचा साधेपणा बघून लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ त्याच ट्रेमधून यशराजचा सत्कार झाला, मग नगरसेवकाचा, मग मैदानाची माती देणाऱ्याचा. प्रत्येक वेळी नारळ त्याच खोबणीत बसला.

दुसऱ्या दिवशी आकाराम तालमीच्या ऑफिसात गेला. ट्रे कपाटात, करंडकांच्या खालच्या कप्प्यात उभा करून ठेवला होता.

"ऋतुराज, हा मावशीचा हाय. खाली नाव हाय बघ तिचं."

ऋतुराजनं वाकून वाचलं. "व्हय की. पण आता चार जणांचे सत्कार झाले ह्यातनं, दादा. भर चौकात तालमीचं म्हणून सांगितलंय. आता तिला दिला, तर तालमीनं सत्काराचं तबक वाटून टाकलं म्हणतील. तुमचंच नाव खराब."

"पण तिच्यासाठी केलता मी."

"तिला आता काय करायचाय? कोण येणार हाय चहाला?" ऋतुराज हे वाईट बुद्धीनं म्हणाला नाही. व्यवहाराचं बोलला. आणि जाता जाता कौतुकानं म्हणाला, "नाव मात्र भारी घेतलं न्हवं माईकवर, आकारामदा?"

आकाराम ट्रे तिथंच ठेवून निघाला. घरी येऊन तो मशीनपुढं बसून राहिला. फाईल कॉम्प्युटरमध्ये तशीच होती. एवढं एक बरं असतं ह्या मशीनचं. लाकूड असलं की झालं. पण तसल्या सागवानाची दुकानात एकच फळी उरली होती, ती अनुजानं स्वयंपाकघरातल्या मांडणीसाठी तीन वर्षं मागं लागून बाजूला ठेवून घेतलेली.

त्यानं विचारलं नाही. अनुजाच फळी ओढत घेऊन आली आणि मशीनच्या टेबलाला टेकवून उभी केली.

"खोबणी कमी करणार हाईसा?" तिनं विचारलं.

आकारामनं पडद्यावर बघितलं. दोन-चार खोबणी ठेवल्या तर ट्रे आटोपशीर झाला असता, लाकूडही वाचलं असतं. पण कमी करायच्या म्हणजे किती, हे त्याला ठरवावं लागलं असतं, आणि मग नेऊन मावशीच्या हातात द्यावं लागलं असतं. त्यानं कोपऱ्यातली गदा तेवढी पुसली. खालचं 'कृतज्ञतापूर्वक'ही पुसलं. बाकी तसंच ठेवलं.

ट्रे घेऊन तो गेला तेव्हा शालूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. आत पेटीवर जर्सींची चवड होती, इस्त्री केलेल्या, घडीवर घडी. न्यायला कुणी आलं नव्हतं.

"मावशी, तुमचा ट्रे. तो तिकडं राहिला. हा दुसरा."

त्यांनी हात पदराला पुसून ट्रे घेतला. खोबणींवरून एक एक करून बोट फिरवलं. "गदा काढलीस व्हय? बरं केलंस." मग वर न बघता म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं न्हवं?"

"व्हय."

"मशीन चालू केलंस तवाच मला कायतरी वाटलं. म्हटलं, बोलता बोलता असं कुणी चालू करत न्हाय."

"मावशी, मी..."

"बस. चहा ठेवते."

त्या आत गेल्या. आकाराम पेटीपाशी बसला. सगळ्यात वरची जर्सी गोलकीपरची होती. त्यानं हात लावला नाही.

शालूबाई ट्रे दोन्ही हातांनी धरून, उंबऱ्यावर जपून पाय टाकत आल्या. दोन टोकांना दोन कप. सांडला नव्हता. दोघांनी चहा घेतला. शालूबाईंनी नेसरीला भावाकडे जायचं मनात आहे म्हणून सांगितलं, यंदा तिकडं ऊस लवकर तुटला म्हणाल्या, अनुजाला पॉलिशच्या वासानं खोकला होतो का विचारलं. लाँड्रीचं नाव निघालं नाही.

चहा झाल्यावर त्या ट्रे घेऊन मागच्या दारी गेल्या. पाण्याचा आवाज आला तसा आकाराम मागं धावला.

"मावशी, पाण्यात घालू नका! लाकूड हाय ते. फुगतंय. फडक्यानं पुसायचं नुसतं."

"माझ्या घरात आल्यालं धुतल्याबिगर राहत न्हाय," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी दगडावर बसून ट्रे साबणानं स्वच्छ धुतला, खोबणीखोबणीतून बोट फिरवून, आणि रिकाम्या दोरीखाली भिंतीला टेकवून उन्हात उभा केला. आकाराम मागच्या दारात उभा राहून बघत राहिला.

सत्काराचा खर्च सांगायचा तर शाल तालमीची होती, नारळ, फेटे आणि फलक लाँड्रीचे. पहिल्या ट्रेचं लाकूड आकारामनं घातलं, ते माईकवर सांगितलं गेलं. दुसऱ्याचं अनुजानं, ते कुठं सांगायचा प्रश्नच नव्हता. तिच्या घरातले डबे अजून जमिनीवर आहेत. जर्सी न्यायला येणाऱ्या सगळ्या पोरांचा इतक्या वर्षांचा चहा, दूध, साखर शालूबाईंचं. ते मानधनात धरलं होतं का, असं अनुजानं एकदा सहज विचारलं. आकारामनं ऋतुराजला विचारलं, ऋतुराजनं जुन्या अध्यक्षांना. कुणीच धरलं नव्हतं.